तुमचें कूळ काय नाचतें?

मनुष्याची ओळख विचारण्याच्या रीती देशपरत्वें निराळ्या असतात. आमच्या मराठवाड्यांत परक्या माणसास प्रथम "गांव कोणतें?" असें विचारितात. गांव कळलें कीं आडनांव, आणि आडनांवावरून सोयरसंबंधांचें जाळें उलगडत शेवटीं तो मनुष्य कोणाचा तरी मावसभाऊ निघतोच. मुंबई-पुण्याकडे "आपण काय करतां?" हा प्रश्न आधीं येतो. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागांत बोत्स्वाना नांवाचा देश आहे. तेथील त्स्वाना लोकांत मात्र ह्या कामीं जो प्रश्न रूढ आहे, तो प्रथम ऐकणारास हंसूं यावें असा आहे. "ओ बीना एंग?" असें ते विचारितात. शब्दशः अर्थ, "तूं काय नाचतोस?" उत्तर येतें, "मी मगर नाचतों", "मी वानर नाचतों". म्हणजे मगर हें ज्याचें पूज्य कुलचिन्ह, तो मगरीच्या कुळांतला. वानर हें ज्याचें, तो वानराच्या.

हा प्रश्न आमच्या उमरीच्या घरांत शिरला तो नातवाच्या मुखानें. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त सहकुटुंब बोत्स्वानाची राजधानी गाबोरोनी येथें असतात. गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधीं ती सर्व मंडळी रजा काढून घरीं आली. नातू बारा वर्षांचा. तेथील शाळेंत जातो, घरीं मराठी बोलतो. स्वयंपाकघरांत चकल्यांचा घाणा चालूं असतां त्यानें ओसरीवर येऊन विचारलें, "आजोबा, आपण काय नाचतों?" मग त्यानें हकीकत सांगितली. वर्गांतील मुलें एकमेकांस आपापलें कुलचिन्ह सांगत होतीं. ह्याची पाळी आली तेव्हां ह्यास कांहींच सांगतां येईना. शेजारच्या मुलानें मोठ्या उदारपणें म्हटलें, "तुला कोणीच नसेल तर आमच्या मगरींत ये." बोलणाऱ्याचें मन चांगलें होतें; परंतु "तुला कोणीच नसेल तर" हे शब्द आमच्या नातवाच्या मनास लागून राहिले होते. ह्या एका प्रश्नानें आम्हांस बरेंच वाचावयास लाविलें व थोडा प्रवासहि करावयास लाविला. त्याचा वृत्तांत ह्या महिन्यांत वाचकांपुढें ठेवितों.

त्स्वाना लोकांच्या ह्या चालीची नोंद डेव्हिड लिव्हिंगस्टन ह्या स्कॉटिश मिशनऱ्यानें १८५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत केली आहे. आजच्या गाबोरोनीपासून जवळच कोलोबेंग येथें त्याचें बिऱ्हाड होतें, व बाक्वेना जमातीचा राजा सेचेले ह्याच्या आश्रयानें तो राहत होता. 'क्वेना' म्हणजे मगर. बाक्वेना म्हणजे मगरीचे लोक. त्याचप्रमाणें बात्लापी हे मत्स्याचे व बाखात्ला हे वानराचे. आपल्या नांवाचा प्राणी हे लोक खात नाहींत, आणि त्यास मारण्याची गोष्ट निघाली तर शिसारी व धाक ह्या दोन्हींचा वाचक असा एक शब्द वापरतात, असें तो लिहितो. "काय नाचतोस?" हा प्रश्नहि त्यानें तेथें नमूद करून ठेविला आहे.

लिव्हिंगस्टन हा महाराष्ट्रास अगदींच परका नाहीं. १८६५ सालीं तो मुंबईस आला होता. नाशिकजवळ शरणपूर येथें, गुलामांच्या जहाजांतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांची एक शाळा मिशनऱ्यांनीं चालविली होती. तेथील नऊ तरुण त्यानें आपल्या शेवटच्या प्रवासाकरितां निवडले. पुढें १८७२ त ह्याच शाळेंतला जेकब वेनराइट नांवाचा तरुण त्यास जाऊन मिळाला. १ मे १८७३ रोजीं आजच्या झांबिया देशांत लिव्हिंगस्टन वारला, तेव्हां त्याच्या अनुयायांनीं त्याचें हृदय एका झाडाखालीं पुरलें, आणि त्या झाडाच्या खोडावर स्मरणलेख कोरला तो ह्या वेनराइटनें. गोदातीरीं शिकलेल्या हातानें आफ्रिकेच्या अरण्यांत अक्षरें कोरावीं, हा योग आमच्या शालेय इतिहासाच्या पुस्तकांत कोठें आढळत नाहीं, म्हणून येथें मुद्दाम सांगितला.

आतां पुनः कुळांकडे वळूं. बोत्स्वानांतील बांग्वातो जमातीचें कुलचिन्ह म्हणजे डायकर, आपल्या भेकरासारखें झुडुपांत राहणारें एक लहान हरिण. त्याची कथा आमच्या पुराणांत शोभावी अशी आहे. ह्या जमातीचा एक प्राचीन राजा शत्रूंनीं पाठलाग केला असतां एका दाट झुडुपांत लपला. शत्रु जवळ आले, इतक्यांत त्याच झुडुपांतून एक डायकर उडी मारून पळालें. "आंत माणूस असता तर हें हरिण येथें निजलेलें राहिलें नसतें," असा तर्क करून शत्रु पुढें निघून गेले. त्या दिवसापासून हें हरिण ह्या कुळास पूज्य झालें. त्याचें मांस नाहीं, त्याचें कातडेंहि अंगावर घेणें नाहीं. ह्या जमातीचा विख्यात राजा तिसरा खामा १९२३ सालीं वारला; सेरोवे गांवच्या टेकडीवर त्याच्या समाधीवर ब्राँझचें डायकर उभें आहे. त्याचा नातू सेरेत्से खामा हा १९६६ सालीं स्वतंत्र बोत्स्वानाचा पहिला अध्यक्ष झाला.

आणि त्या स्वतंत्र राष्ट्रापुढें एक नाजूक प्रश्न उभा राहिला तो असा कीं, राष्ट्राचा प्राणी कोणता असावा? मगर घ्यावी तर वानरवाले रुसणार, हरिण घ्यावें तर मगरवाले. राजचिन्हावर शेवटीं आले दोन झेब्रे, कारण झेब्रा हें कोणत्याच कुळाचें चिन्ह नव्हतें असें तेथील लोक सांगतात. जो कोणाचाच नव्हता तो अशा रीतीनें सर्वांचा झाला. शेजारच्या झिंबाब्वेंतील शोना लोकांत तर ही चाल आपल्या गोत्रव्यवस्थेच्या अगदीं जवळ येते. सिंह, हत्ती, वानर, मत्स्यगरुड अशीं त्यांचीं कुळें. एका कुलचिन्हाच्या वधूवरांचा विवाह निषिद्ध. आणि थोर माणसास आदरानें हांक मारावयाची ती त्याच्या कुलचिन्हाच्या नांवानें.

हें वाचून आमच्या कांहीं सुशिक्षित वाचकांच्या मुखावर स्मित उमटलें असेल. तें क्षणभर आंवरावें, अशी विनंति आहे. नातवाची मुंज मागील वर्षींच झाली असल्यामुळें आम्हीं त्यास अभिवादन म्हणावयास सांगितलें. त्यानें कान धरून, प्रवर, गोत्र, सूत्र, शाखा व नांव ह्या क्रमानें तें बिनचूक म्हटलें. मग आम्ही त्यास म्हणालों, "अरे, हेंच तर तुझ्या मित्राच्या प्रश्नाचें उत्तर. मी कोण, ह्या प्रश्नास आपण स्वतःचें नांव सर्वांच्या शेवटीं सांगतों. आधीं कूळ सांगतों." त्यानें लगेच विचारलें, "पण कौशिक म्हणजे कोणता प्राणी?"

येथें आम्हांस कोश काढावा लागला. कुशिकाचा वंशज तो कौशिक, ही व्युत्पत्ति सरळ आहे, व तींत प्राण्याचा संबंध नाहीं, हें आम्हीं त्यास प्रथम सांगितलें. परंतु अमरकोशांत कौशिक ह्या शब्दाचे अर्थ पाहूं गेल्यास इंद्र, गुग्गुळ व गारुडी ह्यांच्या पंक्तीस घुबडहि बसलेलें आहे. "म्हणजे आपण घुबड नाचतों!" असें म्हणून नातवानें अशी कांहीं आरोळी ठोकली कीं, स्वयंपाकघरांतून आमच्या कुटुंबाचा आवाज आला, "सणासुदीचें कांहीं बरें बोलवत नाहीं का दोघांना?"

हा विनोद केवळ आमच्या गोत्रापुरता नाहीं. कश्यप म्हणजे कांसव. शतपथ ब्राह्मणांत कूर्म आणि कश्यप हे एकच असें सांगून, म्हणूनच सर्व प्रजा काश्यपी म्हटली जाते असें म्हटलें आहे. शौनकांच्या मुळाशीं शुनक म्हणजे कुत्रा आहे. तैत्तिरीय शाखेचें नांव तित्तिरावरून, मांडूक्य उपनिषदाचें मंडूकावरून. वत्स म्हणजे वासरूं. गोतम ह्या नांवांत बैल स्पष्ट दिसतो. भरद्वाज हें पक्ष्याचेंहि नांव असून मराठींत आपण ज्यास कुक्कुडकोंबा म्हणतों त्यास भारद्वाज हें नांव आहेच. कोंकणस्थांच्या चौदा गोत्रांत तर सरळ कपि नांवाचें गोत्र आहे. म्हणजे पुण्याच्या पेठेंतील कपि गोत्री गृहस्थ आणि बोत्स्वानांतील बाखात्ला शेतकरी हे एकमेकांस भेटले तर "आपण दोघेहि वानराचे" म्हणून खुशाल आलिंगन देऊं शकतील. वैशेषिक दर्शनाचा प्रणेता कणाद ह्याचें उलूक असेंहि एक नांव सांगतात, व त्याच्या दर्शनास औलूक्य दर्शन म्हणतात. ज्या ऋषीनें परमाणूंचा विचार शिकविला त्यास घुबडाच्या नांवाची लाज वाटली नाहीं.

ह्या नांवांचा अर्थ कसा लावावा ह्याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनीं १९५० सालीं ब्राह्मणगोत्रांच्या उगमावर एक निबंध लिहिला. अशा नांवांत प्राचीन कुलचिन्हांचे अवशेष आहेत असा त्यांचा कल होता. उलट कांहींच्या मतें हीं केवळ व्यक्तींचीं टोपणनांवें होत. आम्ही त्या वादांत शिरत नाहीं. परंतु एवढें निर्विवाद कीं, आपल्या पूर्वजांस प्राण्याच्या नांवानें ओळखलें जाण्यांत कमीपणा वाटत नव्हता. मराठा व इतर अनेक समाजांत तर ही गोष्ट आजहि जिवंत आहे. आपल्याकडे देवकप्रतिष्ठा म्हणजे मातृकापूजन. त्यांच्याकडे प्रत्येक कुळाचें देवक ठरलेलें असतें. कोणाचें कळंबाची फांदी, कोणाचें पंचपल्लव, कोणाचें मोरपीस. ज्यांचें देवक एक, ते भाऊबंद. त्यांचे विवाह होत नाहींत. आडनांवें पाहावीं तर वाघ, लांडगे, गरुड, घोरपडे. आमच्या शाळेच्या हजेरीपटांतच अर्धें अरण्य असे.

नातवाच्या कौतुकाकरितां, व खरें सांगावयाचें तर आमच्याहि, आम्हीं दिवाळीपूर्वीं किनवटास जाण्याचें ठरविलें. उमरीहून मुदखेड, व तेथून आदिलाबादकडे जाणारी गाडी. वाटेंत कापूस फुटलेला व तूर फुलावर आलेली. एका शेताच्या बांधाजवळ हरणांचा कळप उभा होता व त्यांत एक पुरा काळा झालेला काळवीट होता. मुलगा खिडकीला चिकटला. आम्ही त्यास म्हणालों, "तुझ्या मुंजींत गळ्यांत बांधलेला तो कातड्याचा तुकडा, कृष्णाजिन, तो ह्याचाच." मनुस्मृतींत तर, ज्या भूमींत हा मृग स्वभावतः फिरतो ती यज्ञास योग्य भूमि, अशी देशाची व्याख्याच केली आहे. समोर बसलेला एक शेतकरी हें ऐकत होता. तो म्हणाला, "गुरुजी, यज्ञ तुमचा, पण हरभरा आमचा खातंय ना हे." त्याचें म्हणणें खरें होतें. मराठवाड्यांत ठिकठिकाणीं हरणांच्या कळपांनीं कोंवळीं पिकें खाल्ल्याची तक्रार दर वर्षीं असते. १९७२ च्या कायद्यानें काळविटास संरक्षण आहे; परंतु संरक्षणाचा भार ज्याच्या शेतावर पडतो त्याचा विचार केल्यावांचून कोरड्या पुण्याच्या गोष्टी सांगणें बरें नव्हे. आम्ही गप्प बसलों.

किनवट हा तालुका पूर्वीं आदिलाबाद जिल्ह्यांत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत तो नांदेडास आला. त्यामुळें पैनगंगेच्या ह्या बाजूचे गोंड व कोलाम आणि तेलंगणांतील गोंड व कोलाम हे एकच लोक होत. मध्यें सीमा तेवढी नवी. १९४० सालीं कोमरम भीम ह्यानें निजामी अंमलाविरुद्ध जंगल व जमिनीकरितां लढा दिला व त्यांत तो मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारनें ह्या लोकांच्या स्थितीचा अभ्यास करण्याचें काम फ्यूरर-हाइमेनडॉर्फ ह्या ऑस्ट्रियन पंडितास दिलें. राजगोंडांवरील त्याचा ग्रंथ १९४८ सालीं निघाला. गोंडांत चार देवांचे, पांच देवांचे, सहा देवांचे व सात देवांचे असे वर्ग असून एका वर्गांत विवाह होत नाहीं. त्यांखालीं कुळें. 'टेका' म्हणजे साग, त्यावरून टेकाम. 'मर्का' म्हणजे आंबा, त्यावरून मरकाम. मेश्राम कुळाचा देव नागोबा. आदिलाबाद जिल्ह्यांतील केस्लापूर येथें पौषी अमावास्येस त्याची जत्रा भरते, व तिच्याकरितां ह्या कुळाची मंडळी गोदावरीचें पाणी पायीं चालत जाऊन आणितात.

दिवाळीच्या सुमारास ह्या मुलखांत दंडारीचा नाच असतो. किनवटाजवळच्या एका खेड्यांत आम्हीं तो पाहिला. गुसाडी म्हणजे ह्या नाचांतील मुख्य नर्तक. डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा मुकुट, अंगास राख, खांद्यावर कातडें, हातांत दांडका. ढोल वाजूं लागला कीं शेंकडों पिसांचे डोळे एकदम हालूं लागतात, आणि माणूस कोठें संपला व पक्षी कोठें सुरू झाला हें कळेनासें होतें. "काय नाचतोस?" ह्या प्रश्नाचा अक्षरशः अर्थ आम्हांस त्या अंगणांत कळला. नाच थांबल्यावर नातू एका वृद्ध गृहस्थाजवळ जाऊन बसला व त्यानें धीटपणें विचारलें, "आजोबा, तुमचं कूळ कोणतं?"

"टेकाम. सागाचे आम्ही."

"पण झाड कसं नाचतं?"

म्हातारा हंसला व म्हणाला, "वारा आला म्हणजे नाचतं. तुम्ही कोण?"

"आम्ही घुबड," आमच्या वंशाच्या दिव्यानें तत्काळ सांगितलें. आम्हांस वाटलें, आतां मंडळी हंसतील. वृद्धानें एकवार आमच्याकडे पाहिलें व मान डोलवून म्हटलें, "चांगलं. रात्रीचं राखणारं कुणी तरी पाहिजे." इतकें साधें व इतकें सभ्य उत्तर आम्हीं पुष्कळ दिवसांत ऐकलें नव्हतें.

ह्या अरण्याचें व आपल्या शेताशिवाराचें नातें अजून तुटलेलें नाहीं. किनवटाच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यांत टिपेश्वर अभयारण्य आहे. तेथील गळ्यांत यंत्राचा पट्टा बांधलेला एक तरुण वाघ जून २०१९ त निघाला, व नदीनाले, शेतें, रस्ते ओलांडीत डिसेंबरांत बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. तोंवर त्याची चाल तेराशें किलोमीटरांहून अधिक झाली होती. त्यास आपला नवा संसार मांडावयास जागा पाहिजे होती. दिवसा तो उंसांत व ओढ्याकांठच्या झाडींत निजे, रात्रीं चाले. आणि शेंकडों गांवांस आपल्या शिवारांतून कोण गेलें ह्याचा पत्ताहि नव्हता. आपण ज्यास माणसांची वस्ती म्हणतों तींत असे पाहुणे रोज वावरत असतात. अर्थात् केवळ कुळाच्या नात्यानें सर्व प्राणी वांचतात असें आमचें म्हणणें नाहीं. बोत्स्वानांत एक लक्ष तीस हजारांच्या आसपास हत्ती आहेत, तरी तेथेंहि गेंडे चोरट्या शिकाऱ्यांनीं जवळजवळ संपविले होते. तेव्हां १९९२ सालीं सेरोवेच्या लोकांनीं पुढाकार घेऊन खामा ह्या नांवानें गेंड्यांचें अभयारण्य उभें केलें. कायदा पाहिजे, पहारा पाहिजे, पैसाहि पाहिजे. परंतु पहारेकरी नसतो त्या वेळीं मनुष्याचा हात कोण आंवरतें, हा प्रश्न राहतोच.

त्याची परीक्षा दिवाळी सरतांच आमच्याच गल्लींत झाली. शेजारच्या पडक्या वाड्याच्या कोनाड्यांत गव्हाणी घुबडांचें एक जोडपें पिलांसह राहत होतें. बदामाच्या आकाराचें पांढरें तोंड, पंखांचा जरासुद्धां आवाज नाहीं, परंतु कंठ असा कर्कश कीं ऐकणारास घाम फुटावा. घुबडाविषयींची भीति फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत घुबड व कपोत ह्यांस मृत्यूचे दूत मानून शांति मागितली आहे. पंचतंत्रांत घुबडाचा राज्याभिषेक कावळा मोडून काढतो. आफ्रिकेच्या दक्षिण भागांतहि घुबड म्हणजे चेटकिणीचें पांखरूं असा समज आहे. इकडे लक्ष्मीचें वाहन म्हणूनहि तेंच, आणि त्याच कारणानें लक्ष्मीपूजनाच्या सुमारास जादूटोण्याकरितां घुबडें पकडून विकण्याचा निर्घृण व्यापार चालतो. देवीचें वाहन मारून देवी घरीं यावी, ही अपेक्षा कोणत्या शास्त्रांत बसते तें आम्हांस उमगलेलें नाहीं.

तर शेजारचे वृद्ध गृहस्थ गणपतीपासून अंथरुणास खिळलेले. रात्रीं घुबड ओरडे, व त्यांच्या कुटुंबाच्या पोटांत गोळा उठे. कोणी तरी सल्ला दिला कीं, धूर करून तीं पिलें काढून टाकावीं. दोन मुलें बांबू घेऊन आलींहि. आमचा नातू त्या वाड्याच्या दारांत जाऊन उभा राहिला तो हलेना. आम्ही वहिनींकडे गेलों. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं पुस्तकांतलं मला कळत नाहीं. रात्रभर तें ओरडतं आणि ह्यांची छाती धडधडते, एवढं मला दिसतं." आम्हीं वाद घातला नाहीं. कोनाड्याखालीं पडलेल्या काळ्या गोळ्यांपैकीं एक उचलून आणिला. घुबड उंदीर सबंध गिळतें, व न पचलेलीं हाडें व केंस ह्यांचा गोळा करून ओकून टाकितें. तो गोळा आम्हीं कागदावर ठेवून सुईनें उकलला. आंतून उंदरांच्या तीन कवट्या निघाल्या. "एका रात्रींतले हे," आम्ही म्हणालों, "तुमच्या कणगींतली ज्वारी हा पक्षी राखतो, वहिनी. आणि आमच्या गोत्राचें नांवहि त्यासच आहे." त्यांनीं बराच वेळ त्या कवट्यांकडे पाहिलें. मग म्हणाल्या, "तुमच्या गोत्राचा असेल तर राहूं द्या. पण आमच्या खिडकीकडे तोंड करून बसूं नको म्हणावं."

मुलें बांबू घेऊन परत गेलीं. नातूहि पुढें आईबापांबरोबर आपल्या शाळेस परत गेला. पौषांत ते शेजारी वारले. दहाव्याच्या दिवशीं पाहुण्यांपैकीं एकानें, "तें घुबड वेळींच हांकललं असतं तर," असें म्हणावयास आरंभ केला. वहिनींनीं त्यास मध्येंच थांबविलें. "त्यांचे दिवस भरले होते. त्या पांखरानं काय नेलं?" एवढेंच त्या म्हणाल्या. पिलें नंतर कोनाड्यांतून उडून गेलीं. मोठें जोडपें अजून तेथेंच आहे.

वाचकहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं संध्या सुटली असेल, परंतु लग्नपत्रिका जुळवितांना गोत्र अद्यापि विचारिलें जातें. तें केवळ कोणाशीं विवाह करूं नये हें सांगण्याकरितां नाहीं. तें कोणाशीं आपलें नातें आहे हेंहि सांगतें. ह्या सुटींत आपल्या मुलांस आपल्या गोत्राचा अर्थ कोशांत पाहावयास लावावा. काश्यपांनीं कांसव पाळण्याकरितां विकत आणूं नये. देशी कांसवें घरीं ठेवणें बेकायदाहि आहे. भारद्वाजांनीं परसांतील झुडुपें सरसकट तोडूं नयेत. तो पक्षी तेथेंच घरटें करितो. कौशिकांनीं जुना वाडा पाडण्यापूर्वीं त्याचे कोनाडे पाहावे, व पिलें असतील तर तीं उडेपर्यंत कुदळ थांबवावी. ज्यांच्या गोत्रांत प्राणी सांपडत नाहीं त्यांनीं बोत्स्वानाच्या झेब्र्याप्रमाणें जो कोणाचाच नाहीं असा एखादा निवडावा. सर्व सृष्टीचा भार कोणी एकट्यानें घ्यावयाचा नाहीं. एका घराकडे एक प्राणी आला तरी पुष्कळ झालें.

आपल्या कुळाचें, देवकाचें वा आडनांवाचें अशा प्रकारचें कांहीं नातें ज्यांस ठाऊक असेल त्यांनीं तें आम्हांस उमरीच्या पत्त्यावर अवश्य लिहून कळवावें. निवडक पत्रें पुढील अंकीं देण्याचा विचार आहे.